लेखिकाबाई येण्याआधी त्यांचं पुस्तक वर्गात येऊ द्या

पत्र : आमची शाळा महापालिकेची, सोलापूरच्या पूर्व भागातली, मराठी माध्यमाची. पहिली ते चौथी, पट १६४ (पहिली ३८, दुसरी ४१, तिसरी ४३, चौथी ४२), वेळ साडेदहा ते पाच. बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर जातात. पुण्याच्या एका बालसाहित्य लिहिणाऱ्या लेखिकेनं आमच्याकडे यायला होकार दिला आहे. त्यांचं एक चित्रपुस्तक आणि एक गोष्टींचं पुस्तक, दोन्हींची एकेक प्रत शाळेत आहे. शिक्षक आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून ८००० रुपये जमवले आहेत. मुख्याध्यापकांच्या मनात १३ जानेवारीला मैदानात मांडव घालून मोठा कार्यक्रम करायचा आहे, पाहुणे बोलवायचे आहेत. मला वाटतं, मुलं दोन तास उन्हात बसतील आणि त्यांच्या पदरात काही पडणार नाही. मानधन किती द्यावं? परवानगी कुणाची लागते? आणि ज्यांना मराठी अजून नीट येत नाही त्या पहिलीच्या मुलांचं काय करू?
— एक शिक्षिका, सोलापूर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला जी भीती वाटते ती खरी आहे. पण ती मांडवामुळे नाही. मुलांनी पुस्तक वाचलेलं नसेल, तर मांडव असो की वर्ग, त्यांच्या दृष्टीनं समोर कुणीतरी पाहुण्या बाई बसलेल्या असतात, एवढंच. पुस्तक वाचलेलं असेल तर त्याच बाई 'त्या गोष्टीतल्या बाई' होतात आणि मुलं स्वतःहून पुढे सरकतात. भेट घडते ती आधीच्या तीन आठवड्यांत. त्या दिवशी फक्त ती दिसते. म्हणून पत्रात तुम्ही जे विचारलं नाही तिथून सुरुवात करतो : पुस्तकं.

शाळेत एकेक प्रत आहे, ती शिक्षकानं मोठ्यानं वाचून दाखवायला पुरते. पण मुलांच्या हातात पुस्तक जायला चौघांत एक प्रत हवी. चाळीसच्या वर्गाला दहा. प्रती चारही वर्गांसाठी वेगळ्या घ्याव्या लागत नाहीत. चित्रपुस्तकाचा दहांचा गठ्ठा पहिली-दुसरीत फिरतो आणि गोष्टींचा तिसरी-चौथीत. चित्रपुस्तक साधारण ६० रुपयांचं आणि गोष्टींचं १२० रुपयांचं धरलं तर ६०० आणि १२००, म्हणजे १८०० रुपये होतात. दुकानात जाण्याआधी प्रकाशकाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र पाठवा. शाळेला बहुतेक प्रकाशक सवलत देतात, कधी टपालखर्चही घेत नाहीत. पुस्तक झेरॉक्स करून वाटू नका. ज्या बाईंना आपण मानानं बोलावतो, त्यांच्याच पुस्तकाच्या झेरॉक्स मुलांच्या हातात दिसणं बरं नव्हे. वाचनाची जास्तीची भूक लागली तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी इंटरनेटवर फुकट आणि रीतसर मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकंही खिशाला परवडतात.

तीन आठवडे असे वापरा. पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकानं रोज दहा मिनिटं वाचून दाखवायचं. परिपाठात नको. परिपाठाला मुलं रांगेत उभी असतात आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. वर्गात, खाली बसवून वाचा. दुसऱ्या आठवड्यात चौघाचौघांत एक प्रत द्या. वाचता येणारा वाचेल, न येणारा चित्रावर बोट ठेवून ऐकेल. या आठवड्यात एकही प्रश्नोत्तर लिहून घेऊ नका. 'या गोष्टीचं तात्पर्य सांगा' म्हटलं की मुलांना ते पुस्तक धड्यासारखं वाटायला लागतं. तिसरा आठवडा प्रश्नांचा.

या प्रश्नांवर थोडं थांबतो, कारण बहुतेक शाळांत घोडं इथंच अडतं. आदल्या दिवशी बाई तिघा-चौघा हुशार मुलांना प्रश्न लिहून देतात आणि ती मुलं ते पाठ म्हणतात : "आपणास लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?" लेखिका या प्रश्नाचं उत्तर शंभर वेळा देऊन चुकलेली असते. विचारणाऱ्या मुलाला 'प्रेरणा' म्हणजे काय ते ठाऊक नसतं, आणि बाकीचे चाळीस जण छताकडे बघत बसतात.

त्याऐवजी वर्गाच्या दाराशी चपलांचं एक रिकामं खोकं ठेवा, वर फट पाडून. पाठकोऱ्या कागदाच्या तळहाताएवढ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवा. वाचताना ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहून टाकायचं. नाव लिहायचं, पण शुद्धलेखन बघायचं नाही. पहिलीतल्या मुलानं चित्र काढून टाकलं तरी चालेल : एक झाड, त्याखाली शेळी आणि मोठं प्रश्नचिन्ह. जवळ बसवून विचारलंत की ते सांगेल, "ती रात्री कुटं झोपली?" तेवढं तुम्ही चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा, त्याच्याच शब्दांत. असा प्रश्न लेखिकेला दिवसभर पुरतो, कारण तिनं ती रात्र बहुधा लिहिलेलीच नसते आणि तिलाही तिथल्या तिथं विचार करावा लागतो. चिठ्ठ्यांमध्ये 'शेळीला नाव का नाही', 'हे चित्र तुम्हीच काढलं का', 'किती दिवस लागले', 'पैसे किती मिळाले' असले प्रश्न येतील. पैशांचा प्रश्न उद्धट समजून काढून टाकू नका. ज्या घरात मजुरी हजार विड्यांमागे मोजतात, तिथल्या मुलाला पुस्तकाची मजुरी कशी मोजतात हे कळावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. लेखिकेला आधी कल्पना द्या, त्या छान समजावून सांगतील.

खोक्यातून प्रत्येक वर्गानं आठ चिठ्ठ्या निवडायच्या. दहा-बारा मिनिटांत आठच प्रश्न होतात, अनुभवी माणसाचेसुद्धा. निवड मुलांनी करायची. तुम्ही फक्त एवढंच बघा की आठांत नेहमी हात वर करणारे दोनच असावेत आणि निदान चार मुली असाव्यात. प्रश्न ज्याचा त्यानंच विचारायचा. अडखळला तर शेजाऱ्यानं वाचून दाखवायचा. कुणी 'बे' लावून बोललं तर सगळ्यांसमोर दटावू नका. सोलापूरचं मूल सोलापूरचंच बोलणार.

आता तारीख. १३ जानेवारी मनातून काढून टाका. संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वरांची यात्रा असते. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमविधी, शोभेचं दारूकाम असे लागोपाठ दिवस असतात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले असतात, लॉज भरलेली असतात आणि मुलांचं सगळं लक्ष गड्ड्याच्या जत्रेकडे असतं. शाळेला स्थानिक सुट्टीही येते. यात्रा संपते न संपते तोच २६ जानेवारीची कवायत आणि लेझीम सुरू होते, तेव्हा मैदान आणि शिक्षक दोन्ही अडकलेले असतात. फेब्रुवारीचा पहिला आठवडा घ्या, बुधवार किंवा गुरुवार. शनिवारी सकाळची अर्धी शाळा असते, तेव्हा चार वर्ग होत नाहीत. मार्चमध्ये ढकलू नका. सकाळची शाळा सुरू होते आणि पत्र्याखालच्या खोलीत अकरानंतर बसवत नाही. आणि २७ फेब्रुवारीचा हट्ट धरू नका. मराठी भाषा गौरव दिनाला आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला प्रत्येक शाळेला लेखक हवा असतो, त्यामुळे ते दिवस वर्षभर आधी गेलेले असतात. तुमचं पत्र डिसेंबरच्या सुरुवातीचं आहे, म्हणजे हातात आठ आठवडे आहेत. नेमके एवढेच लागतात : दोन परवानगी आणि पत्रव्यवहाराला, दोन पुस्तकं यायला, तीन वाचायला, एक अडीअडचणीला.

पैशांचं गणित उघड मांडू. पुण्याहून येणाऱ्याला हुतात्मा एक्स्प्रेस सोयीची. ती संध्याकाळी पुण्याहून निघते आणि रात्री सोलापूरला पोचते. परतीची हुतात्मा सकाळी लवकर सुटते. म्हणजे तुमच्या एका दिवसासाठी त्यांच्या दोन रात्री सोलापुरात जातात. दिवसभर बोलून दमलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी बसमध्ये बसवून पाठवू नका. जाण्यायेण्याचं चेअर कारचं तिकीट आणि रिक्षा यांसाठी १५०० बाजूला काढा. राहणं-जेवण रात्रीमागे १५०० धरलं तर ३०००. पुस्तकं १८००. कार्डशीट, खडू, चहा असं किरकोळ ४००. बेरीज ६७००. उरले १३००. हे मानधन म्हणून पाकिटात घालणं बरं दिसत नाही.

वाट अशी आहे. चालत जाता येईल अशा शेजारच्या एका शाळेला सोबत घ्या. बुधवार तुमचा, गुरुवार त्यांचा. मग तीन रात्रींचे ४५०० निम्मे, म्हणजे २२५०. प्रवास ७५०. पुस्तकं ९००. किरकोळ आपापलं ४००. तुमचा खर्च ४३०० वर येतो आणि मानधनाला ३७०० उरतात. त्यांनीही तेवढेच दिले तर लेखिकेला दोन दिवसांचे ७४०० मिळतात. पुस्तकांचे दोन गठ्ठे दहा-दहा दिवसांनी अदलाबदल करून वापरायचे : तुमच्याकडे गोष्टींचा गठ्ठा असेल तेव्हा चित्रांचा त्यांच्याकडे. तुम्ही चित्रपुस्तक दुसऱ्या फेरीत घ्या. लहान मुलं लवकर विसरतात, त्यांचं वाचन भेटीच्या जवळ असलेलं बरं. शेवटी दोन्ही पुस्तकांच्या पाच-पाच प्रती प्रत्येक शाळेच्या कपाटात राहतात.

हा आकडा लेखिकेला पहिल्याच पत्रात लिहा : मानधन इतकं, प्रवास तिकिटाप्रमाणे, राहण्याची सोय आमची. "यथाशक्ती देऊ" असं लिहिलं की समोरच्याला विचारायची चोरी होते. त्यांना कमी वाटलं तर त्या सांगतील, किंवा सत्रं कमी करतील. दोन्ही योग्यच. मानधन त्याच आठवड्यात बँक खात्यावर जमा करा. रोख देणार असाल तर पावती घ्या. रक्कम ५००० च्या वर गेली तर पावतीवर १ रुपयाचं महसुली तिकीट लागतं. शाळेकडे समग्र शिक्षा योजनेचं ग्रंथालय अनुदान आलं असेल तर पुस्तकांची खरेदी त्यातून बसते का, हे मुख्याध्यापकांना विचारा. बसली तर तेवढी रक्कम मानधनात वळवा.

परवानगीचं काम वाटतं तेवढं अवघड नाही, पण क्रम चुकला की अडतं. आधी मुख्याध्यापकांची लेखी संमती. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवून ठराव, त्यात तारीख, पाहुण्यांचं नाव, खर्च आणि पैसा कुठून आला ते लिहायचं. त्या ठरावाची प्रत जोडून महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागाला पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची. शेजारची शाळा जिल्हा परिषदेची असेल तर त्यांचं पत्र केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातं. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ठराव करताना त्यांना पुस्तक हातात द्या, निदान चित्रं दाखवा. नुसती सही घेऊ नका.

आता मुख्याध्यापकांचा मांडव. त्यांच्या मनातला मान खरा आहे, तो मोडू नका. फक्त त्याची जागा बदला. दीपप्रज्वलन पाच मिनिटं, स्वागतगीत सहा, प्रास्ताविक दहा, परिचय आठ, चौघांचा सत्कार दहा, अध्यक्षीय भाषण पंधरा. चोपन्न मिनिटं झाली आणि लेखिकेनं अजून तोंड उघडलेलं नाही. तोवर पहिलीतली मुलं सतरंजीचे दोरे उपसायला लागलेली असतात. हे गणित त्यांना कागदावर मांडून दाखवा आणि सांगा की सत्कार दुपारी तीननंतर, शिक्षक, समिती आणि पालक यांच्यासमोर करू, घाई न करता करू. बुके आणू नका. सोलापुरी चादर पांघरा, ती पुण्याला घरी जाऊन वापरली जाते. नगरसेवकांना बोलवायचं असेल तर वर्गात मागे खुर्ची टाकून मुलांसोबत ऐकायला बसवा. पुष्कळांना ते आवडतं.

दिवसाची आखणी अशी करा. ११ ते ११.२५ पहिली. ११.४५ ते १२.१० दुसरी. मग अर्धा तास विश्रांती, कोमट पाणी आणि चहा. या अर्ध्या तासात त्यांना शिक्षकांच्या गप्पांत ओढू नका, घसा बसतो. १२.४० ते १.२० तिसरी. मग पोषण आहाराची सुट्टी. २.२० ते ३ चौथी. चार सत्रं ही वरची मर्यादा, तीही पहिली दोन आखूड आहेत म्हणून जमतात. पहिलीला सकाळीच घ्या. खिचडी खाऊन आलेलं सहा वर्षांचं मूल दुपारी पेंगतं, त्याला गोष्ट कितीही चांगली असली तरी. दोन वर्ग एकत्र करण्याचा मोह टाळा. चित्रपुस्तक हातात धरून दाखवलं तर चौथ्या ओळीपर्यंत दिसतं, पाचवी ओळ उभी राहते, मग मागचे ओरडतात आणि पुढच्यांचं लक्ष उडतं.

खोली निवडताना दोन गोष्टी बघा : स्वयंपाकाच्या शेडपासून लांब, आणि रस्त्याच्या नि मागांच्या बाजूला नसलेली. आदल्या आठवड्यात त्याच वेळेला जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहा आणि कुणालातरी साध्या आवाजात वाचायला सांगा. शेजारच्या यंत्रमागाच्या खटखटीत शब्द गिळले जात असतील तर खोली बदला, माइक लावू नका. छोट्या खोलीत स्पीकरचा आवाज भिंतींवर आपटून घुमतो आणि जोडाक्षरं कळेनाशी होतात. बाक बाहेर काढा आणि सतरंज्या अंथरा. चौथीच्या ४२ मुलांसाठी कमानीसारख्या चार ओळी करा : पुढे ८, मग १०, ११, १३. ज्याला कमी दिसतं किंवा कमी ऐकू येतं तो पहिल्या ओळीत. लेखिकेला बुटकी खुर्ची द्या, पाठीमागे खिडकी येऊ देऊ नका. पाठीमागून उजेड आला की त्यांचा चेहरा आणि पुस्तक दोन्ही काळं दिसतं.

वर्गशिक्षक प्रत्येक सत्रात आत हवेतच. हजेरी पूर्ण करायला नाही, फोन बघायला नाही, आणि "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणायलाही नाही. गोष्ट ऐकताना हसणारं, मध्येच बोलणारं मूल हवंच आहे. शिक्षकाचं काम एवढंच : कुणाला शू लागली तर न बोलता सोडणं, भांडण झालं तर मध्ये बसणं, आणि प्रश्नांची पाळी सांभाळणं.

पहिलीच्या तेलुगू बोलणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही विचारलंत. आधी हे लेखिकेला फोनवर सांगा, त्या दिवशी दारात नको. "पहिलीत निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, चित्रपुस्तक घ्या, ज्यात एखादी ओळ पुन्हापुन्हा येते ते घ्या." पुन्हापुन्हा येणारी ओळ मुलं तिसऱ्या खेपेला स्वतः म्हणायला लागतात आणि भाषा तिथूनच आत शिरते. गोष्टीतले आठ-दहा अडणारे शब्द आधीच्या आठवड्यात चित्रांनिशी भिंतीवर लावा. चौथीतल्या एखाद्या मुलीला तीच गोष्ट आदल्या दिवशी पहिलीच्या वर्गात तेलुगूत सांगू द्या. दुसऱ्या दिवशी मराठीत ऐकताना मुलं कथानकाच्या मागे धावत नाहीत, शब्द पकडतात. मात्र लेखिका वाचत असताना ओळीओळीला भाषांतर करू नका, गोष्टीचा ताल मोडतो. लेखिकेनं 'शेळी' म्हणताच एखादं पोर "मेका!" म्हणून ओरडलं तर गप्प करू नका. त्याला कळलंय, तेच ते सांगतंय. लेखिकेनंही "हो, मेका" म्हटलं की तो वर्ग त्यांचा झाला. म्हणून मेका (शेळी), पिल्ली (मांजर), कुक्का (कुत्रा) असे गोष्टीत येणारे प्राणी त्यांना आधीच लिहून पाठवा.

लेखिकेशी फोनवर आणखी एक बोलणं करून घ्या : चाळीस मिनिटांत काय करणार? चांगलं लिहिणारा प्रत्येक जण मुलांसमोर रमतोच असं नाही, आणि त्यात कमीपणा नाही. वाचन वीस मिनिटं, प्रश्न बारा आणि उरलेल्या वेळात एखादी कृती, एवढं पुरे. 'मुलांकडून कविता लिहून घ्या' असा आग्रह तुम्ही धरू नका. ४२ मुलं, आठ मिनिटं, पेन्सिलींना टोक नाही, निम्म्यांकडे कागद नाही. हाती पडते ती यमकांची ओढाताण. त्यापेक्षा त्यांच्या पुस्तकाचा कच्चा खर्डा, खाडाखोड केलेली वही किंवा चित्राचं पहिलं रेखाटन आणायला सांगा. छापलेलं पुस्तकही आधी चुकत-माकत लिहिलेलं असतं, हे डोळ्यांनी बघितलं की शुद्धलेखनाला घाबरणारं मूल पेन्सिल धरतं. वहीची पानं वर्गात फिरवू नका, फाटतात. दोन-तीन पानांचे मोठे फोटो आधी काढून भिंतीवर लावा.

सह्यांचं काय? मुलं हातावर, वहीवर, रुमालावर सही मागतात. नाव विचारून, दोन शब्द बोलून एक सही करायला वीस सेकंद धरली तरी १६४ मुलांना पंचावन्न मिनिटं लागतात. कुठल्यातरी वर्गाची राहतेच, आणि ते पोर रडत घरी जातं. म्हणून बुकमार्क करा. २२ बाय २८ इंचांच्या एका कार्डशीटमधून ५ बाय १५ सेंटिमीटरच्या ४४ पट्ट्या निघतात. चार शीटमध्ये १७६ होतात, बारा शिल्लक. मुलांनी आधीच त्यावर आपलं नाव आणि गोष्टीतलं एक चित्र काढायचं. वर्गवार रबर लावून गठ्ठे तयार ठेवा. नुसती सही करायला पाच सेकंद, सगळ्या मिळून पंधरा मिनिटांच्या आत. तीनच्या सुमारास चहा होईपर्यंत उरकतं आणि सुटताना प्रत्येकाच्या हातात आपल्या नावाची पट्टी असते. पुस्तकविक्रीचं टेबल मात्र लावू नका. ज्याच्या आईनं आज पैसे दिले नाहीत त्याला तो दिवस तेवढ्यासाठीच लक्षात राहतो.

पालकांना दिवसा बोलावताना जपून. आईचा अर्धा दिवस मोडला की तितक्या विड्या कमी वळल्या जातात आणि तेवढी मजुरी बुडते. ज्यांना जमेल त्यांनी सव्वातीनला सत्काराला यावं, पंधरा मिनिटं. बाकीच्यांसाठी त्या तीन आठवड्यांत पुस्तक एकेका रात्री घरी पाठवा, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. विड्या वळता वळता आईला गोष्ट ऐकवणारं मूल तुमच्या कार्यक्रमाचं निम्मं काम करतं. एखादी प्रत मळेल, एखादं पान दुमडेल. चालेल.

फोटोंसाठी एकच शिक्षक नेमा, पहिली पाच मिनिटं आणि शेवटची दोन. बाकी सगळे फोन खाली. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या संमतीशिवाय स्टेटसला किंवा वर्तमानपत्राला जाऊ देऊ नका. संमतीचा एका ओळीचा कागद वाचनाच्या पहिल्या आठवड्यातच घरी पाठवा, मराठीत आणि तेलुगूत.

शेवटचा आठवडा आम्ही अडीअडचणीला ठेवला तो याचसाठी : गाडी उशिरा येते, घसा बसतो, अचानक सुट्टी जाहीर होते. लेखिकेकडून मुलांसाठी पाच मिनिटांचा ध्वनिनिरोप आधीच मागवून ठेवा. नाहीच आल्या तर त्या दिवशी तो वर्गावर्गात ऐकवा, शिक्षकांनी वाचन करावं आणि पुढची तारीख मुलांना तिथंच सांगावी. लेखिकेकडे दोन शिक्षकांचे नंबर द्या, एक लागला नाही तर दुसरा. रात्री स्टेशनवर कुणीतरी, शक्यतो एखाद्या बाई, उतरवून घ्यायला जाव्यात आणि लॉजवर खोली दाखवूनच परत याव्यात. सकाळच्या नाश्त्याला काय चालतं ते आधी विचारा. दिवसभर चार वर्गांशी बोलायचं असताना शेंगा चटणीचा झणका घशाला मानवतोच असं नाही. चटणी बांधून द्या, ती पुण्यात खातील.

भेट झाली की दुसऱ्या दिवशी पुस्तकं कपाटात कुलूपबंद करू नका. दाराशी दोरी बांधून टांगा, किंवा खिडकीच्या कट्ट्यावर उभी मांडा, आणि शेजारी एक वही ठेवा : नाव, पुस्तक, नेलं, आणलं. महिनाभरानं त्या वहीत किती नावं आहेत ती मोजा. पुढच्या वर्षी समितीपुढे पैसे मागताना हीच वही दाखवायची. आठवड्याच्या आत मुलांना लेखिकेला पत्र लिहायला सांगा. 'धन्यवाद' लिहा म्हणू नका. "तुम्हाला अजून काय विचारायचं राहिलं?" एवढंच फळ्यावर लिहा. खोक्यात राहिलेल्या चिठ्ठ्याही त्याच लिफाफ्यात घाला. सगळं एकाच लिफाफ्यात, वर शाळेचा पत्ता ठळक, आणि सोबत तुमची एक ओळ : प्रत्येकाला उत्तर नको, वर्गाला मिळून एक पत्र आलं तरी पुरे. ते आलं की वर्गात वाचून दाखवा आणि पुस्तकांशेजारीच भिंतीवर चिकटवा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.